एकवीस दारांची गल्ली

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की सांगलीच्या घाटावर पहाटेपासून माणसे जमू लागतात. कृष्णेचे पाणी अजून गढूळ असते, पण त्याचा आवेग ओसरलेला असतो. ओल्या धोतरांचा, काळ्या तिळांचा आणि दर्भाचा मिळून एक वास हवेत भरून राहतो. बाजाराच्या बाजूने वारा आला तर त्यात हळद मिसळते. मी काठी टेकत चार पायऱ्या उतरतो आणि घोटाभर पाण्यात उभा राहतो. वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव घेतो, आईचे घेतो, आठ वर्षांपूर्वी गेलेल्या पत्नीचे घेतो. एवढे होईपर्यंत शेजारची मंडळी आपापले आटोपून वर गेलेली असतात. त्यानंतर मी जी नावे उच्चारतो ती माझ्या कुळातली नाहीत, आणि ती ज्या गावची आहेत ते गाव मी कधी पाहिलेले नाही. पाणी तेवढे ओळखीचे आहे. हेच पाणी वाईहून येते.

वाईला मी पंधरा वर्षे पाठशाळेत शिकवले. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या भाद्रपदात माझे वय अठ्ठावीस होते आणि माझ्यापाशी सहा विद्यार्थी होते. अध्यापनाची आमची रीत जुनी: गुरूने एकदा म्हणायचे, शिष्यांनी दोनदा म्हणायचे. हिला आम्ही संथा म्हणतो. संथेत अक्षर गाळायचे नाही, आणि पदरचे घालायचे तर नाहीच. एका मात्रेसाठी मी मुलांना तळहात पुढे करायला लावत असे. ज्या विद्येला कागदाचा आधार नाही तिला शिस्तीचाच आधार असतो, असे मला तेव्हा वाटे. आजही वाटते, फक्त आज त्या वाटण्याबरोबर एक पंजाबी माणूस आठवतो.

त्याचे नाव हरबंसलाल. पुण्याजवळच्या निर्वासितांच्या छावणीतून तो घोंगड्या आणि लोकरी बंड्या घेऊन पाचगणी-महाबळेश्वराकडे विकायला जात असे. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, चाळिशीचा. प्रतिपदेच्या सकाळी त्याने आपले गाठोडे घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवले आणि मला विचारले,

"पंडितजी, मेरे मरे हुए बहुत हैं, और तारीख किसी की मालूम नहीं। क्या होगा?"

मी म्हणालो, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी अमावास्या आहे. शास्त्राने ही सोय केलेली आहे.

"कितने नाम ले सकते हैं?"

"जितके तुम्हाला ठाऊक असतील."

तो पायरीवर बसला. रावळपिंडीच्या बाजूला त्याचे गाव होते आणि त्या गावचा तो पोस्टमन होता. आदल्या वर्षी, होळीच्या सुमारास, गावावर जमाव आला. तीन दिवसांनंतर हरबंसलालच्या गल्लीत एकही माणूस जिवंत राहिला नाही. तोच काय तो राहिला. त्याने हे सांगितले ते, आज टपाल उशिरा आले, अशा स्वरात. मग म्हणाला, मी रोज गल्ली आठवतो. पहिल्या दारापासून सुरू करतो, चिठ्ठ्या वाटत निघाल्यासारखा. एकवीस दारे आहेत. अलीकडे कधी कधी एखाद्या दारापाशी थांबतो आणि आतले माणूस बाहेरच येत नाही. मी विसरलो, तर पंडितजी, ती माणसे दुसऱ्यांदा मरतील आणि या वेळी मारणारा मीच असेन.

अमावास्येला चौदा दिवस होते. मी तरुण होतो आणि मला माझ्या विद्येचा अभिमान होता. मी म्हणालो, "काळजी सोडा. ही नावे माझे विद्यार्थी मुखोद्गत करतील. जे आमच्या तोंडी बसले ते हरवत नाही."

धर्मशाळेत त्याला जागा मिळाली. दुपारचे अध्ययन संपले की मुले घाटावर येत आणि तो बोले. त्याची हिंदुस्थानी त्यांना निम्मी समजे, निम्मी ती एकमेकांना समजावीत. आमच्याकडच्या कोणी त्यांना असे काही शिकवले नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात लढाया होत्या. लढाईत दोन्ही बाजूंना शस्त्रे असतात. दळण दळणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या, पोरांना न्हाऊ घालणाऱ्या माणसांना केवळ ती अमुक जमातीत जन्मली म्हणून दारोदार शोधून मारणे, याला नरसंहार म्हणतात, हे मी पुष्कळ नंतर वाचले. त्या दिवसांत आमच्यापाशी शब्द नव्हता. आमच्यासमोर माणूस होता.

तो नुसते मरणाचे सांगत नसे, हे मला आज विशेष वाटते. पहिले दार बूटारामचे. तो जोडे शिवायचा, बहिरा होता, म्हणून त्याच्या दाराला कडीच नव्हती. दुसरे करमदेवीचे, निळ्या रंगाचे. तिचा मुलगा ब्रह्मदेशात. त्याचे पत्र हरबंसलालने तीनदा वाचून दाखवायचे आणि तिने तीनही वेळा नव्याने रडायचे. आणखी पुढे गंडामल आणि सुखदयाल हे भाऊ. दारे लागून, बोलणे बंद. एकाने दुसऱ्याला शिवी द्यायची झाली तर तीही पोस्टमनकरवी.

"आमच्या गावची कुत्रीसुद्धा माझी सायकल ओळखायची," तो एकदा म्हणाला.

"आमच्या वाईची कुत्री फक्त श्राद्धाचा वडा ओळखतात," आमचा विनायक बोलला. मी डोळे वटारले. पण हरबंसलाल हसला. गाठोड्यावर हात आपटून हसला. नंतर बराच वेळ तो नदीकडे पाहत राहिला. आपण हसलो याचे त्याला आश्चर्य वाटले असावे.

सहा मुलांतला दत्तू मात्र हसत नसे. कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला हा चौदा वर्षांचा मुलगा. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात दिल्लीला जी हत्या झाली, ती करणारा आमच्या जातीचा होता. म्हणून आमच्या मुलखातही ब्राह्मणांची घरे शोधून पेटवली गेली. दत्तूचे घर त्यात गेले. जीव वाचले. त्या दोन गोष्टींची तुलना मी करणार नाही. एका गल्लीत एकवीस दारांआड कोणी उरले नव्हते आणि दत्तूचे आईवडील साताऱ्याला बिऱ्हाडात सुखरूप होते. पण चौदाव्या वर्षी मूल तुलना करत नाही. आपले घर पेटवणारे हात त्याने पाहिले होते, आणि पाठशाळेत आल्यापासून तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

आता माझी चूक सांगतो.

तर्पणात नावांना क्रम असतो. आधी गोत्र, मग नाव. आधी पुरुष, मग स्त्रिया. ज्यांचे गोत्र ठाऊक नाही त्यांचा उच्चार कश्यप गोत्राने. मी रात्रंदिवस शास्त्रात वाढलेला. हरबंसलालने सांगितलेली नावे मी कागदावर उतरवली आणि विधीला शोभतील अशी लावली. पुरुष एकत्र केले. स्त्रिया एकत्र केल्या. मुलांना शेवटी बसवले. चौथ्या दाराचा नूर मोहम्मद तेली, ज्याने हरबंसलालला आपल्या घाण्याच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांखाली दोन दिवस लपवले आणि तिसऱ्या दिवशी जो त्याच खोलीच्या उंबऱ्यावर मारला गेला, त्याला गोत्र नव्हते आणि आमच्या विधीत जागाही नव्हती. ते नाव मी वगळले. वगळताना मला काही वाटले का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. खरे उत्तर असे की काहीच वाटले नाही.

मुलांनी दोन दिवसांत सारे पाठ केले. सहा कंठ एका सुरात, एका श्वासात. सप्तमीला मी हरबंसलालला समोर बसवले आणि म्हणालो, "ऐका."

तो ऐकू लागला. त्याचा आंगठा तर्जनीवर सरकत होता, चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाळावा तसा. थोड्या वेळाने आंगठा थांबला. मुले म्हणतच होती. त्याने एकदा मागे वळून पाहिले, जणू कोणी हाक मारली. मुले थांबली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"पंडितजी, इसमें मेरा घर कहाँ है?"

मी सांगितले, तुमची पत्नी शांतिदेवी स्त्रियांत बाराव्या क्रमांकावर, मुले अखेरीस.

"वो तो नाम हैं। घर कहाँ है?"

त्याने स्वतःच म्हणून पाहिले. बूटाराम. करमदेवी. तिसरे दार, माझे. आणि तो अडला. पुन्हा आरंभ केला, पुन्हा तिथेच अडला. त्याच्या मनातल्या वाटेवर माझी रांग येऊन उभी राहिली होती. मुलांचा तो सुंदर, निर्दोष घोष त्याच्या कानांतून जाईना. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी त्या वेळी जी भीती पाहिली ती जमावाची गोष्ट सांगतानाही पाहिली नव्हती.

"आपने मेरी गली तोड दी, पंडितजी," तो हळूच म्हणाला आणि धर्मशाळेकडे गेला.

जगात त्या गल्लीची एकच प्रत होती, आणि ती मी खराब केली होती. अष्टमी आणि नवमी हे दोन दिवस तो घाटावर आला नाही. मी भोजनाला बसे. आमसुलाची चटणी, भरडाचा वडा, कावळ्यासाठी काढलेले पान, सारे यथासांग; आणि मला जाणवत होते की मी एका माणसाचे पितर त्याच्यापासून हिरावून घेतले आहेत. क्रमाची चूक मी हजारदा सुधारली होती. पण माझा क्रम शुद्ध असून चुकीचा आहे, हे मला प्रथमच शिकावे लागत होते.

युक्ती विनायकाला सुचली. तो म्हणाला, "गुरुजी, या पायऱ्यांनाच दारं करू की. त्यांना चालू द्या. पायांना आठवेल."

दशमीला आम्ही त्याला घेऊन आलो. घाटाची पायरी लांब आहे. तिच्यावर कोळशाने एकवीस खुणा केल्या. पहिल्या सहा खुणांवर सहा मुले उभी केली. हरबंसलाल पहिल्या मुलासमोर गेला आणि काही बोलेना. मुलगा म्हणाला, "बूटाराम. कडी नाही." तो पुढे सरकला. "करमदेवी. निळं दार. पत्र तीनदा वाचायचं." मागे पडलेला मुलगा धावत जाऊन पुढच्या रिकाम्या खुणेवर उभा राही. तिसऱ्यापाशी त्याने स्वतःच मान हलवली; तिथे कोणी काही म्हटले नाही.

चौथ्या खुणेवर दत्तू होता. हे मी योजून केले नव्हते. तो ओठ मिटून उभा राहिला.

"बोल की रे," विनायक कुजबुजला.

"नाही बोलणार." दत्तूने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुमच्या संथेत हे नाव नव्हतं. तीच संथा बरोबर होती. त्या तेल्याच्याच लोकांनी ह्यांची बायकापोरं मारली ना?"

हरबंसलालला शब्द कळले नसतील, अर्थ कळला. तो म्हणाला, "उन्हीं लोगों ने इसको भी मारा, बेटा।" आणि तिथेच उभा राहिला. पोस्टमन दार सोडून पुढे जात नाही. छावणीत त्याने ऐकले होते की सीमेच्या अलीकडे, आपल्या बाजूला, असल्याच गल्ल्यांतून कितीतरी नूर मोहम्मद असेच शोधून मारले गेले. तेही त्याने मुलांना सांगितले. मग दत्तूला विचारले,

"तेरी गली में चौथा दरवाजा किसका है?"

दत्तू बराच वेळ बोटे मोजत राहिला.

"गुरवाचं. मग आमचं. मग सुताराचं. मग..." तो थांबला. "ज्ञानू आबाचं."

"वो कौन?"

आणि मग आठ महिन्यांचे सारे बाहेर आले. घर पेटले तेव्हा त्याची आजी पळू शकली नाही. ज्ञानू आबाने तिला उचलून आपल्या गोठ्यात कडब्याआड बसवले आणि स्वतः दाराशी विळा घेऊन धार लावत बसला. लोक आले तेव्हा म्हणाला, "हितं म्हसरं हाईत. दुसरं कोन न्हाई. जावा." आजीला आत म्हणाला, "आवं आज्जी, खोकू नगासा, म्हस बुजंल." हे सांगताना दत्तूला हसू आले आणि त्या हसण्यातच तो रडू लागला.

"पेटवणारे कोण होते?" मी विचारले.

"दोघांना ओळखत होतो. एकानं मला विहिरीत पोहायला शिकवलं होतं."

दत्तूने बाहीने नाक पुसले, ताठ उभा राहिला आणि संथेच्या स्वरात म्हणाला, "चौथं दार. नूर मोहम्मद तेली. पेंडीची पोती."

हरबंसलाल पुढे सरकला. पाचवे, सहावे, सातवे. पाय चालू लागले तशी दारे उघडू लागली. सतराव्या खुणेवर तर आधी न सांगितलेले एक माणूस निघाले. तिथल्या ओसरीत एक अनाथ पोरगा झोपे. त्याला जगात पत्र पाठवणारे कोणी नव्हते, तरी तो रोज विचारी, माझी चिठ्ठी आहे? मग हरबंसलाल रविवारी एका कोऱ्या कार्डावर त्याचे नाव लिही आणि सोमवारी ते त्याला नेऊन देई. त्या पोराचे नाव आठवताच हरबंसलाल पायरीवर बसला आणि मोठ्याने ओरडला. मुले घाबरली. तो आनंद होता.

अमावास्येला मी आणि तो पाण्यात उतरलो. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी तर्पण करायचे नसते, म्हणून मुले वर पायरीवर बसली आणि एकेक दार सांगू लागली. प्रत्येक दाराला आम्ही ओंजळ सोडली. चौथे दार आले. हरबंसलालने माझ्याकडे पाहिले. माझ्या गुरूंनी हे ऐकले असते तर काय म्हटले असते, हे मला ठाऊक नव्हते. पण पुराण मला ठाऊक होते. कश्यप हा देवांचा पिता, तसाच दैत्यांचा. पक्ष्यांचा आणि सर्पांचाही. ज्याचे गोत्र हरवले त्याला जर तो आपला म्हणतो, तर आपल्या उंबऱ्यावर शेजाऱ्यासाठी मेलेल्या तेल्याला तो परका कसा म्हणेल? "कश्यप गोत्र," मी म्हणालो, आणि हरबंसलालने नाव घेतले. तीळ पाण्यावर क्षणभर तरंगले आणि पुलाच्या दिशेने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तो पाचगणीच्या मोटारीत बसला. पुढच्या भाद्रपदात येतो म्हणाला. आला नाही. एक कार्ड आले, त्यावर छावणी सोडल्याचे होते, नवा पत्ता नव्हता. पोस्टमनने पत्ता लिहिला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

पुढे पाठशाळा विरळ झाली. मी सांगलीला शाळेत संस्कृत शिकवायला आलो. एकदा, फार वर्षांपूर्वी, भाद्रपदातच, मी वर्गात फळ्यावर एक गल्ली काढली आणि बूटारामपासून आरंभ केला. तिसऱ्या दारापाशी एका मुलाने हात वर केला. "सर, हे परीक्षेला आहे का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी फळा पुसला. तो मी पुसायला नको होता. चाळीस मुले होती. त्यांतल्या एखाद्याच्या पायांना ती वाट लागली असती. हरबंसलालने दोन दिवस रुसून तिसऱ्या दिवशी माझ्यासारख्या माणसाला पुन्हा विश्वासाने गल्ली दिली होती, आणि मी एका प्रश्नाने ती मिटून घेतली. त्यानंतर ती फक्त माझ्या आणि कृष्णेच्या मधली गोष्ट झाली.

या वर्षी अमावास्येला पाण्यात उभा असताना सतराव्या दारापाशी मी थांबलो. ओसरी दिसत होती. कोरे कार्ड दिसत होते. पोराचे नाव येईना. ओंजळीतले पाणी बोटांमधून गळून गेले, तीळ तळव्याला चिकटून राहिले. मी पुन्हा पहिल्या दारापासून निघालो, पुन्हा तिथेच. घाटावर विचारावे असे कोणी नव्हते. पृथ्वीवर ज्याला विचारावे असे कोणी नाही असा प्रश्न घेऊन पाण्यात उभे राहणे, हे एकटेपण मला पत्नीच्या मृत्यूनेही दाखवले नव्हते. हरबंसलालचा तो चेहरा मला त्या दिवशी आतून कळला.

घरी येऊन दत्तूला कार्ड लिहिले. पुष्कळ वर्षांत पत्रव्यवहार नव्हता. पत्ता त्याच्या खेड्याचाच घातला. बारा दिवसांनी उत्तर आले. अक्षर कोवळे, ओळी चढत गेलेल्या.

"सा. न. वि. वि. मी दत्तात्रेयांची नात गौरी, इयत्ता नववी. आजोबा चैत्रात गेले. तुम्हाला कळवायला पत्ता नव्हता. तुम्ही विचारलेलं दार मला येतं. सतरावं. लब्भू. त्याला कोणी पत्र पाठवत नसे. आजोबांनी आम्हा तिघा भावंडांना अंगणात खुणा करून शिकवलं. एक शंका आहे. आजोबा एकविसाव्या दारानंतर बाविसावं सांगायचे. ज्ञानू आबा, गोठा, म्हस बुजंल. माझा भाऊ म्हणतो ते आजोबांनी पदरचं घातलं. तुम्ही गुरुजी आहात. मूळ संथेत ते दार आहे का? कृपया कळवावे."

मी कार्ड मांडीवर ठेवून खिडकीशी बसलो. दत्तू गेल्याचे दुःख आधी यायला हवे होते. आधी आले ते लब्भूचे नाव. अमावास्या उलटून गेली होती आणि अशा वेळी ओंजळ सोडायला शास्त्रात आधार नाही. तरी मी तांब्या घेऊन तुळशीपाशी गेलो आणि त्याला पाणी दिले, मग दत्तूला दिले.

नंतर कोरे कार्ड घेतले. पत्ता आधी लिहिला, सावकाश, पूर्ण. जन्मभर मी संथेत पदरचे एक अक्षर खपवून घेतले नाही. एका मात्रेसाठी मुलांचे तळहात पुढे करवले. गौरीच्या प्रश्नाखाली मी लिहिले,

"आहे."